आवाजाचे समीकरण

'इक्वलायझर' हा शब्द आपण आता मराठीत तसाच वापरतो. वरातीतल्या डीजेवाल्यापासून मोबाइलमध्ये गाणी ऐकणाऱ्या पोरापर्यंत सगळ्यांच्या तोंडी तो आहे, त्यामुळे त्याला प्रतिशब्द शोधायची गरज कुणाला वाटली नाही. पण मी पडलो दोन भाषांचा मास्तर. शब्द दिसला की त्याची साल काढायची खोड जात नाही. इक्वलायझर म्हणजे समान करणारा. आणि समान करणे याला मराठीत शब्द आहेच : समीकरण. जे सम नाही ते सम करणे. तो गणिताच्या पुस्तकात जाऊन बसला म्हणून त्याचा मूळ अर्थ आपण विसरलो, इतकेच. उर्दू माध्यमाच्या शाळेत याच समीकरणाला 'मुसावात' म्हणतात, आणि मुसावात म्हणजे समतासुद्धा. (उर्दू माध्यमातून मराठी माध्यमात आलेल्या मुलाला 'मसावि' ऐकून ही मुसावातच आठवते. मग महत्तम सामाईक विभाजकाची जी फजिती होते ती विचारू नका.)

शब्द असा सोलला की पुढचा प्रश्न आपोआप येतो. समान कशाला करायचे, आणि कुणाच्या बरोबरीने? आज डिजिटल मिक्सरच्या पडद्यावर प्रत्येक माइकसाठी एक वाकडी रेघ दिसते. बोटाने ती वर-खाली ओढली की आवाज बदलतो. त्या रेघेमागे शंभरेक वर्षांचा इतिहास आहे, आणि या काळात वरच्या प्रश्नाचे उत्तर तीन वेळा बदलले.

सुरुवात झाली ती गाण्याच्या नव्हे, टेलिफोनच्या तारेवर. तारेतून आवाज लांब पाठवला की तो नुसता क्षीण होत नाही, वाकडाही होतो. खर्जाचे स्वर त्या मानाने तगून राहतात, तीव्र स्वर वाटेतच जास्त गळतात. जितकी तार लांब तितकी ही गळती जास्त. पलीकडच्या माणसाला वाटते, बोलणारा गोधडीखालून बोलतो आहे. ऑलिव्हर हेविसाइड या इंग्रज गणितज्ञाने १८८७ मध्येच तारेचे गुणधर्म कोणत्या प्रमाणात असले म्हणजे आवाज वाकडा होणार नाही हे कागदावर मांडून ठेवले होते. हा माणूस कोणत्याही विद्यापीठाची पदवी न घेता स्वतःच शिकलेला, आणि स्वभावाने विक्षिप्त. त्याचे म्हणणे पुष्कळांना उशिरा समजले. १९१५ मध्ये न्यूयॉर्क ते सॅन फ्रान्सिस्को अशी अमेरिकेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतची टेलिफोन सेवा सुरू झाली, तोवर हा प्रश्न कागदावरचा राहिला नव्हता.

उपाय सांगायला सोपा आहे. तारेने तीव्र स्वर जितके खाल्ले, तितकेच खर्जाचे स्वर आपणही मुद्दाम खायचे. मग सगळे सारखे क्षीण होतील, आणि सगळे सारखे क्षीण झाले की अँप्लिफायरने एकदम सगळ्यांना उचलता येईल. कॉइल, कपॅसिटर आणि रेझिस्टर यांची एक जाळी तारेच्या टोकाला बसवायची, जिचा वाकडेपणा तारेच्या वाकडेपणाच्या बरोबर उलटा असेल. दोन उलटे वाकडे मिळून एक सरळ. हाच पहिला इक्वलायझर. एटी अँड टीच्या ओटो झोबेल यांनी अशा जाळ्यांचे सविस्तर गणित १९२८ मध्ये प्रसिद्ध केले. इथे 'समान' या शब्दाचा अर्थ अगदी प्रामाणिक आहे. जे बोलले गेले आणि जे ऐकू आले, ते समान. बोलणाऱ्याच्या आवाजाला कुणी हात लावत नव्हते. दुरुस्ती तारेची होती.

तारेसाठी एक गोष्ट मात्र आधी ठरवावी लागे. दुरुस्ती कुठपर्यंत करायची? कानाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येते. तेवढे सगळे तारेवरून न्यायचे तर खर्च परवडत नाही. म्हणून बोलणे समजायला किमान किती पुरे, याचा शोध बेल लॅबोरेटरीजमध्ये सुरू झाला. हार्वी फ्लेचर आणि त्यांचे सहकारी वर्षानुवर्षे माणसांना बसवून निरर्थक अक्षरे ऐकवत आणि काय ऐकू आले ते लिहून घेत. आमच्या श्रुतलेखनाचाच प्रकार! फरक इतकाच की गुण मुलांना नव्हे, यंत्राला मिळत. त्यातून एक विलक्षण गोष्ट पुढे आली. बोलण्यातला जोर बहुतांशी खालच्या पट्ट्यात असतो, आणि अर्थ बहुतांशी वरच्या पट्ट्यात. १,००० हर्ट्झच्या वरचे सगळे कापून टाकले तर आवाज भरदार येतो पण शब्द कळत नाहीत. खालचे कापले तर आवाज पत्र्यासारखा होतो, पण शब्द बऱ्यापैकी कळतात.

भाषा शिकवणाऱ्याला हे पटकन पटते. स्वर हा आवाजाचा देह, व्यंजन ही त्याची ओळख. 'स'चा सीत्कार ५,००० हर्ट्झच्या वर जाऊन बसतो, 'श'चा त्याहून खाली. टेलिफोनने पुढे ३०० ते ३,४०० हर्ट्झ हा पट्टा पक्का केला. म्हणून आजही साध्या फोनवर नाव सांगताना 'स सशाचा' असे सांगावे लागते. आमच्या उर्दूत 'जंग' म्हणजे लढाई आणि 'ज़ंग' म्हणजे लोखंडावरचा गंज. दोहोंतला फरक म्हणजे वरच्या पट्ट्यातली थोडीशी घासणारी हवा. ती कापा, आणि लढाई गंजून जाते. मराठीतही 'चार' हा आकडा आणि गुरांचा 'चारा' यांतले दोन 'च' लिपीत एकच आहेत. त्यांना वेगळे ठेवते ती जीभ, आणि जिभेचे ते काम पोहोचवतो हा वरचा पट्टा.

आता या पट्ट्याची किंमत कुणी मोजली ते पाहू. १९२०च्या दशकात अमेरिकेत रेडिओ आला. तिथल्या मध्यम लहरींच्या केंद्रांमध्ये १० किलोहर्ट्झचे अंतर ठेवले गेले, म्हणजे एका केंद्राच्या वाट्याला साधारण ५,००० हर्ट्झपर्यंतचाच आवाज आला. त्या काळचे माइक आणि कर्णे तेवढेही नीट पेलत नसत. बायकांचा मूळ स्वर पुरुषांच्या जवळजवळ दुप्पट उंचीवर असतो, आणि त्यांच्या व्यंजनांचा सीत्कारही वर सरकलेला असतो. साहजिकच कापला गेला तो त्यांचाच भाग जास्त. १९२४ मध्ये 'रेडिओ ब्रॉडकास्ट' या मासिकात बायकांनी रेडिओवर बोलावे की नाही यावर चर्चा झडली. केंद्रांच्या व्यवस्थापकांनी आवाज किरटा लागतो, कानाला टोचतो, अशा तक्रारी केल्या. जेनी आयरीन मिक्स या त्या मासिकाच्या स्तंभलेखिकेने ही चर्चा वाचकांपुढे मांडली. १९२७ मध्ये बेल लॅबोरेटरीजच्या जे. सी. स्टाइनबर्ग यांनी प्रयोगांवरून दाखवले की बायकांची व्यंजने यंत्रातून कमी समजतात, कारण ती यंत्राच्या पट्ट्याबाहेर पडतात. इथवर ठीक. पण निष्कर्ष काढताना त्यांनी बोट यंत्राकडे न दाखवता स्त्रीच्या आवाजाच्या निसर्गदत्त घडणीकडे दाखवले. १९३३ मध्ये बीबीसीने शीला बोरेट यांना निवेदिका म्हणून आणले. श्रोत्यांच्या तक्रारींचा ढीग पडला आणि काही महिन्यांत त्यांना बाजूला व्हावे लागले. सगळ्या तक्रारी यंत्रामुळे झाल्या असे मी म्हणणार नाही. माणसांच्या डोक्यातही एक फिल्टर असतो. पण तार वाकडी असताना समान कुणाला करायचे, या प्रश्नाचे उत्तर इथे पहिल्यांदा बदलले. दुरुस्ती तारेची करायची सोडून बोलणाऱ्याला सांगितले गेले, तूच जरा खाली बोल.

ध्वनिमुद्रिकांची गोष्ट याच काळातली, पण स्वभावाने वेगळी. १९२५ पासून विजेवर चालणारे मुद्रण आले. तबकडीवर खर्जाचे स्वर जसेच्या तसे कोरले तर सुईची खाच इतकी रुंद डोलते की शेजारच्या खाचेत घुसते. म्हणून कोरताना खर्ज कमी करायचा आणि वाजवताना तितकाच वाढवायचा. पुढे तीव्र स्वर कोरताना वाढवून वाजवताना कमी करायची युक्तीही आली, कारण त्यामुळे तबकडीची खरखर दबते. पण हे किती कमी आणि किती जास्त, याबद्दल प्रत्येक कंपनीचा हिशेब निराळा. १९५४ मध्ये अमेरिकेच्या ध्वनिमुद्रण उद्योगाच्या संघटनेने एक प्रमाण वक्र ठरवला, तोच आरआयएए वक्र. आज रेकॉर्ड प्लेअर जोडायच्या जवळजवळ प्रत्येक फोनो अँप्लिफायरमध्ये तो बसवलेला असतो. वाजवताना तो १०,००० हर्ट्झला १३.७ डेसिबलने खाली आणतो.

याचा आपल्याशी संबंध असा. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँ १९३७ मध्ये गेले. मिरजेत ख्वाजा मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे आणि दरवर्षी तिथे गायक हजेरी लावतात. त्यांच्या ७८च्या तबकड्या आरआयएए ठरण्याच्या कितीतरी आधीच्या. त्या कोरताना तीव्र स्वर त्या प्रमाणात वाढवलेलेच नव्हते. अशी तबकडी आजच्या अँप्लिफायरला जोडली, की जे कधी वाढवलेच नव्हते तेही तो इमानेइतबारे कमी करतो. खाँसाहेबांचा तो बारीक, उंच, रेशमासारखा आवाज कुंद होऊन बाहेर येतो. जुन्या तबकड्या डिजिटल करून ठेवणाऱ्यांपैकी जाणते लोक आधी कंपनी आणि साल बघतात आणि मग त्या काळचा वक्र लावतात. अजाणते लोक म्हणतात, जुनी रेकॉर्डिंगं अशीच असायची.

मधली वीस-पंचवीस वर्षे मी भराभर ओलांडतो. सिनेमाच्या स्टुडिओंत संवादाला संवाद जुळवण्यासाठी इक्वलायझर हाताने फिरवता येईल असा झाला. १९५१ मध्ये अमेरिकेत यूजीन शेंक आणि ओली समरलिन यांचा पुलटेक आला, ज्याच्या नकला आजही सॉफ्टवेअरमध्ये विकल्या जातात. १९५२ मध्ये पीटर बॅक्सँडल या इंग्रज अभियंत्याने 'वायरलेस वर्ल्ड' मासिकात बास आणि ट्रेबलच्या दोन खुंट्यांचे एक साधे सर्किट छापले. ज्याला हवे त्याने ते बांधावे. ते जगभर पसरले. आपल्याकडच्या सभामंडपातल्या अँप्लिफायरवर बास-ट्रेबलची जी जोडी वर्षानुवर्षे पाहिली, तिचा वंश तिथवर पोहोचतो.

दुसरा मोठा बदल झाला तो सभागृहांमुळे. माइक, अँप्लिफायर आणि कर्णा एकाच खोलीत असले की कर्ण्याचा आवाज पुन्हा माइकमध्ये शिरतो आणि शिटी वाजते. ही शिटी कोणत्याही स्वराला वाजत नाही. खोली, कर्णा आणि माइक मिळून ज्या स्वराला सगळ्यात जास्त उचलतात, त्यालाच ती वाजते. १९५८ मध्ये वेन रुडमोझ यांनी डॅलसच्या लव्ह फील्ड विमानतळावरच्या ध्वनिक्षेपणाच्या कामावर निबंध लिहिला. पुढे टेक्सास विद्यापीठातले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक सी. पी. बोनर यांनी ही गोष्ट शास्त्राला नेली. त्यांची पद्धत गमतीदार आहे. आवाज वाढवत जायचा, शिटी वाजू द्यायची, तिचा स्वर मोजायचा, तेवढ्याच स्वराला एक अरुंद खड्डा पाडायचा. मग पुन्हा वाढवायचा, दुसरी शिटी, दुसरा खड्डा. म्हणजे खोलीकडूनच तिचे दोष कबूल करून घ्यायचे. १९६७ मध्ये आल्टेक कंपनीने हे काम सोपे करणारी व्यवस्था बाजारात आणली. सप्तकाचे तीन भाग करून प्रत्येक भागाला एक फिल्टर. उभ्या दांड्यांची जी लांब पट्टी आपण ग्राफिक इक्वलायझर म्हणून ओळखतो, ती या घराण्यातली.

इथे 'समान'चा अर्थ खोलीला लागू झाला. माइकवर जे बोलले गेले ते शेवटच्या रांगेत तसेच पोहोचावे. वाकडी आहे ती खोली, दुरुस्ती तिची. ही दुरुस्ती मिक्सरच्या बाहेर जाणाऱ्या वाटेवर, म्हणजे सगळे आवाज एकत्र झाल्यानंतर करायची असते. हे ध्यानात ठेवा, कारण पुढचा सगळा घोटाळा यातूनच होतो.

तिसरा अर्थ आला चॅनेलच्या इक्वलायझरबरोबर. चॅनेल म्हणजे एका माइकची एक वाट. स्टुडिओत एकेका वाद्याला एकेक माइक लागू लागला, मग प्रत्येकाला आपापली खुंटी हवी झाली. रुपर्ट नीव्ह यांचा १९७० चा १०७३ हा या जातीतला सगळ्यात नावाजलेला. त्यात मधल्या पट्ट्यासाठी ३६० हर्ट्झपासून ७,२०० हर्ट्झपर्यंत सहा ठरावीक थांबे होते. बसचे थांबे असावेत तसे. मधे उतरता येत नाही. १९७१ मध्ये ओहायोच्या डॅनियल फ्लिकिंगर यांनी फ्रीक्वेन्सी सलग सरकवता येणाऱ्या इक्वलायझरच्या पेटंटसाठी अर्ज केला. आणि १९७२ मध्ये जॉर्ज मॅसेनबर्ग या पंचविशीच्या तरुणाने ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या लॉस एंजेलिसच्या अधिवेशनात निबंध वाचून 'पॅरामेट्रिक' हा शब्द रूढ केला. पॅरामेट्रिक म्हणजे तीन गोष्टी तीन वेगळ्या खुंट्यांवर, एकीचा दुसरीत अडथळा नाही. कुठे, किती, आणि केवढ्या रुंदीत. 'कुठे' म्हणजे फ्रीक्वेन्सी, 'किती' म्हणजे डेसिबल, आणि रुंदी सांगणारा आकडा म्हणजे क्यू. मधली फ्रीक्वेन्सी भागिले पट्ट्याची रुंदी. १,००० हर्ट्झवर ५०० हर्ट्झ रुंदीचा खड्डा असेल तर क्यू २. आकडा मोठा तितका खड्डा अरुंद. आजच्या डिजिटल कन्सोलवरच्या चॅनेलचा इक्वलायझर म्हणजे हीच तीन खुंट्यांची कल्पना, बहुधा चार वेळा मांडलेली.

डिजिटलमध्ये नवे काय झाले? कॉइल आणि कपॅसिटर गेले, त्यांच्या जागी गुणाकार आला. आवाज सेकंदाला ४८,००० वेळा मोजून त्याचे आकडे केलेले असतात. इक्वलायझरचा एक पट्टा म्हणजे एक छोटे सूत्र : आत्ताचा आकडा, त्याच्या आधीचे दोन, आणि आपणच काढलेली मागची दोन उत्तरे, अशा पाच आकड्यांना पाच ठरावीक संख्यांनी गुणायचे आणि बेरीज करायची. चार पट्ट्यांचे वीस गुणाकार, सेकंदाला ४८,००० वेळा. एका चॅनेलला ९ लाख ६० हजार. ३२ चॅनेलचे झाले ३ कोटी ७ लाख २० हजार. तुम्ही खुंटी फिरवता तेव्हा बदलतात त्या फक्त पाच संख्या. त्या कशा काढायच्या याची सूत्रे रॉबर्ट ब्रिस्टो-जॉन्सन यांनी १९९०च्या दशकात 'कुकबुक' म्हणून फुकट वाटून टाकली, आणि जगातल्या असंख्य सॉफ्टवेअरच्या पोटात आज तीच पाककृती शिजते आहे. बॅक्सँडलचा वारसा असा पुढे चालला याचे मला बरे वाटते.

यामाहाचा आठ चॅनेलचा डीएमपी-७ आला १९८७ मध्ये, ०२आर १९९५ मध्ये. २००५ च्या एम७सीएलने मोठा स्पर्शपडदा दिला आणि २०१२ च्या बेहरिंगर एक्स-३२ ने किंमत इतकी खाली आणली की तालुक्याच्या गावातल्या मंडपवाल्याकडेही डिजिटल मिक्सर दिसू लागला. माझ्या मते मोठा बदल गुणाकाराचा नाही, तर दोन इतर गोष्टींचा आहे. एक, आठवण. एकदा लावलेले सगळे 'सीन' म्हणून साठवता येते आणि वर्षाने एका बटणावर परत आणता येते. दुसरी, चित्र. पूर्वी खुंटी फिरवणारा माणूस स्टेजकडे बघत ऐकायचा. आता तो पडद्यावरची रेघ बघतो. रेघ सुंदर दिसली की आवाज सुंदर झाला असे वाटते. शिवाय लायब्ररीत तयार नमुने असतात, पुरुषाचा आवाज, बाईचा आवाज, अमुक वाद्य. ज्याने ते नमुने बसवले त्याने आमच्या गावचा हॉल पाहिलेला नाही, की तिथे बोलली जाणारी मराठी आणि उर्दू ऐकलेली नाही.

आमच्या शाळेचे स्नेहसंमेलन ज्या हॉलमध्ये होते त्याला वर पत्रा आणि तिन्ही बाजूंना उघड्या भिंती. साऊंडवाला माझाच जुना विद्यार्थी. दोन वर्षांपूर्वी त्याने नवा डिजिटल मिक्सर आणला. बैतबाजीची तालीम सुरू होती, सातवीतली एक मुलगी शेर म्हणत होती. त्याने तिच्या चॅनेलवर ३ किलोहर्ट्झच्या आसपास रुंद खड्डा पाडला, तब्बल ९ डेसिबल.

"सर, फार टोचतंय. पोरींचा आवाज असाच असतो, कापावाच लागतो."

मी शेवटच्या रांगेत जाऊन बसलो. आवाज गोड येत होता आणि शेर कळत नव्हता. 'ज़' आणि 'ज' एक झाले होते. कळत नाही म्हणून त्याने फेडर वाढवला, आणि हॉलने शिटी मारली. मग त्याने आणखी कापले.

त्याच्याजवळ जाऊन मी म्हटले, "अरे, तिचं राहू दे. आता तू स्वतः माइकवर बोल, खड्डा न पाडता." तो 'हॅलो, चेक' म्हणाला. त्याचाही आवाज तिथेच टोचला. मग मुख्याध्यापकांना बोलायला लावले, साठीकडे झुकलेला भारदस्त आवाज. तेही टोचले, जरा कमी इतकेच, कारण त्यांच्या आवाजात त्या जागी मालच थोडा. म्हणजे टोचत होता तो पत्रा आणि कर्णा. मुलगी फक्त त्या जागी जास्त वेळा पाय ठेवत होती. दोष खोलीचा, आणि शिक्षा तिच्या चॅनेलला. स्टाइनबर्ग यांचे तर्कशास्त्र आमच्या पत्र्याखाली जसेच्या तसे चालू होते.

त्याला हे पटायला वेळ लागला नाही, पोरगा कामाचा आहे. बाहेर जाणाऱ्या वाटेवरचा ग्राफिक उघडून त्याने ३.१५ किलोहर्ट्झची दांडी ५ डेसिबल खाली घेतली, शेजारची जराशी. मुलीच्या चॅनेलवरचा खड्डा काढून टाकला. मग चॅनेलवर जे खरोखर चॅनेलचे काम तेवढे केले. सातवीच्या मुलीचा मूळ स्वर साधारण २५० हर्ट्झच्या आसपास असतो, म्हणून १५० हर्ट्झच्या खालचे हाय-पासने कापले. तिथे तिचे काही नव्हते. होती ती स्टेजवरची पावले, पंख्याची घरघर आणि माइक हातात फिरवल्याची खडखड. तोंड माइकला चिकटल्याने आवाज डबक्यासारखा होत होता, त्यासाठी ३५० हर्ट्झला ३ डेसिबल कमी केले. वाढवले काहीच नाही. १२ डेसिबल वाढवणे म्हणजे त्या पट्ट्यात अँप्लिफायरकडून जवळजवळ सोळापट शक्ती मागणे, आणि आमच्याकडचे अँप्लिफायर तेवढे उदार नाहीत. कापून भागत असेल तर वाढवू नये, हे जुने लोक म्हणत आले ते कंजूषपणाने नव्हे.

तो ऐकता ऐकता पडद्याकडे पाहत होता, म्हणून मी हातरुमाल पडद्यावर टाकला. "आता सांग, कळतंय?" त्याने डोळे मिटले. मुलीने शेर पुन्हा म्हटला. पहिल्या मिसऱ्यालाच मागच्या रांगेत बसलेल्या तिच्या मैत्रिणींनी दाद दिली, म्हणजे तिथवर शब्द पोहोचला होता. पुढे मुख्याध्यापकांचे भाषणही कुणाला टोचले नाही.

त्या हॉलचा सीन त्याच्या मिक्सरमध्ये साठवलेला आहे. ग्राफिकवर ३.१५ खाली, आणि मुलींच्या चार चॅनेलवर ३ किलोहर्ट्झला रेघ सपाट. सीनला नाव द्यायला त्याने विचारले तेव्हा मी 'मुसावात' सुचवले. पडद्यावरच्या कीबोर्डवर ते नाव घालायला त्याला कंटाळा आला. त्याने नुसते 'पत्रा' लिहिले.